नवी फायरिंग रेंज : हवा कुठून येणार आणि जाणार कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोलिसांसाठी उभ्या राहत असलेल्या बंदिस्त फायरिंग रेंजची बातमी आपल्या अंकात वाचली. लेन किती, टार्गेट बटणावर पुढे-मागे कशी सरकणार, भिंती आवाज कशा शोषणार, सगळे तपशिलाने होते. पोलीस दलाच्या रेंजचा कारभार मी बरीच वर्षे पाहिला, आधी उघड्या मैदानावर आणि नंतर छताखाली. त्यामुळे बातमीत जे नव्हते तेच आधी नजरेत भरले. हवेबद्दल एक ओळ नाही. रेंज साफ कोण करणार आणि कशाने, तेही नाही. ती चालवणारा माणूस कोण आणि त्याच्या गळ्यात आणखी किती कामे असतील, हे कुणी विचारलेले दिसत नाही.

उघड्या रेंजवर निम्मे काम वारा करतो. छत घातले की ते काम पंख्यांकडे आणि फिल्टरकडे जाते, आणि ते बिघडले तरी लगेच कुणाला कळत नाही, कारण बारातून उडणाऱ्या विषारी शिशाला वास नसतो. लोकांना जो वास येतो तो जळलेल्या दारूचा. शिसे दोन ठिकाणांहून येते. काडतुसाच्या बुडाच्या कॅपमध्ये बहुधा लेड स्टिफ्नेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते, ते प्रत्येक बाराला धूर होऊन बाहेर पडते. दुसरे खुद्द गोळीतून. गोळीवर तांब्याचे कवच असले तरी पुष्कळ गोळ्यांचे बूड उघडे असते, आणि मागून येणारा तापलेला वायू तिथले शिसे उडवतो. पुढे ती गोळी टार्गेटमागे गोळ्या अडवणाऱ्या पोलादी ट्रॅपवर आदळून फुटते तेव्हा आणखी धूळ होते, पण ती निदान तोंडापासून लांब. कॅपचा धूर मात्र पिस्तूल धरलेल्या हातांपाशी, म्हणजे नाकापासून हातभर अंतरावर सुटतो.

म्हणून हवा नेमबाजाच्या पाठीमागून आली पाहिजे, मागच्या भिंतीच्या पूर्ण रुंदीतून, एकसारखी, आणि टार्गेटच्या दिशेने वाहत जाऊन तिकडेच शोषली गेली पाहिजे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायोश’ या अमेरिकन संस्थेने फायरिंग लाइनवर हवेचा वेग मिनिटाला ७५ फुटांच्या आसपास असावा, ५० च्या खाली जाऊ नये, असे सांगितले आहे. नुसता वेग मोजूनही भागत नाही. लेनच्या वर कुणीतरी गारव्यासाठी एसीची जाळी बसवतो, आणि त्या एका झोताने सगळा प्रवाह मोडून धूर परत तोंडावर येतो. शिवाय आत सोडलेल्या हवेपेक्षा बाहेर ओढलेली हवा थोडी जास्त हवी, म्हणजे दार उघडले तरी रेंजची धूळ शेजारच्या वर्गात आणि कार्यालयात शिरत नाही. इमारतीचा कंत्राटदार या गोष्टी आपणहून करील, अशा भरवशावर राहू नये. सभागृहाची वातानुकूलन यंत्रणा उत्तम बसवणाऱ्याला रेंजची जमतेच असे नाही.

सराव करणारा शिपाई वर्षातून काही वेळा येतो आणि जातो. प्रशिक्षक रोज तिथे असतो, एका तुकडीनंतर दुसऱ्या तुकडीबरोबर. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, हाडांत बसलेले मात्र वर्षानुवर्षे राहते. अमेरिकेच्या १९७८ सालच्या कामगार नियमांत घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम शिसे ही आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घातली गेली. नंतर तिथल्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलने लष्करी रेंजवरच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न तपासला. डेसिलिटर रक्तात ४० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालवून घेणारे ते जुने निकष या लोकांना पुरेसे संरक्षण देत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्याहून कमी पातळीलाही मज्जासंस्था, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम दिसतात. बर्लिनच्या पोलीस दलात तर वायुवीजन नीट नसलेल्या रेंजवर काम केलेल्या प्रशिक्षकांच्या आजारपणाचे प्रकरण गाजले, रेंज बंद कराव्या लागल्या आणि अखेर भरपाईसाठी निधी काढावा लागला. तिथेही त्या रेंज बांधल्या तेव्हा त्यांचे कौतुकच झाले असेल.

हवेइतकाच प्रश्न सफाईचा, आणि तो कागदावर कुठेच येत नाही. रेंजवर झाडू चालवायचा नसतो. झाडले की खाली बसलेले शिसे पुन्हा हवेत उठते आणि झाडणारा ते सगळे ओढून घेतो. बहुतेक ठिकाणी हा माणूस रोजंदारीवर असतो आणि त्याला काय झाडतो आहोत हेही सांगितलेले नसते. घरात वापरतात तसला व्हॅक्यूमही नको. बारीक शिसे त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन मागून बाहेर पडते. शिवाय फायरिंग लाइनच्या पुढच्या काही फुटांत न जळलेल्या दारूचे कण साचतात, ते मोटरच्या ठिणगीपाशी नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. रबराच्या तुकड्यांचा ट्रॅप असेल तर हीच दारू त्यातही मुरते, तिथेही आग लागू शकते. त्यासाठी योग्य फिल्टरचा, स्फोटाचा धोका नसलेला व्हॅक्यूम आणि ओली पुसणी लागते, आणि निघालेला कचरा नेहमीच्या डब्यात टाकता येत नाही.

काडतुसांच्या रिकाम्या केस, म्हणजे बार झाल्यावर उरलेल्या पुंगळ्या, गोळा करायची पद्धतही पाहण्यासारखी असते. हिशेब तर द्यावाच लागतो: जितके राउंड कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, निघाले तितक्या केस किंवा न उडालेले राउंड परत जमा. पण त्या केस वेचायच्या डोक्यावरच्या टोपीत! तीच टोपी पुन्हा डोक्यावर, तेच हात चहाच्या कपाला. मी टोपीत केस वेचायला बंदी घातली तेव्हा बरेच दिवस माझी चेष्टा झाली. हात थंड पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय खाणे-पिणे नाही, रेंजचे बूट आणि कपडे घरात न्यायचे नाहीत, एवढे दोन नियम पाळले तरी घरातल्या लहान मुलांपर्यंत शिसे पोचण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. त्यासाठी धुण्याची जागा आणि कपाटे नकाशात आधीच हवीत. नंतर ती कधीच होत नाहीत.

आवाजाचे थोडक्यात सांगतो. गोळीचा क्षणिक आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि तीच इजेची सीमा मानली जाते. बंद जागेत तो भिंतींवरून परतून येतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवे. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनाही.

साहेबांचा विषय निघालाच आहे. आमच्याकडे एका सरावात वरिष्ठ अधिकारी पिस्तूल हातात असतानाच काही विचारायला मागे वळले. लाइनवरचा हवालदार ‘थम’ म्हणून ओरडला, सगळी लाइन थांबली, आणि त्याने साहेबांना नळी टार्गेटकडे करायला लावली. साहेबांना राग आला. मी हवालदाराच्या बाजूने नोंद केली आणि त्या दिवशी पुढचा सराव त्या नोंदीनंतरच सुरू झाला. रेंजवर ‘थम’ म्हणायचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला असतो, त्यात हुद्दा नसतो. पण हे नुसते फलकावर लिहून होत नाही. असे म्हणणाऱ्याची बदली होणार नाही, याची खात्री देणारा रेंजप्रमुख लागतो, आणि बहुतेक ठिकाणी ते पद एखाद्याला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून चिकटवलेले असते. सकाळी बंदोबस्त, दुपारी रेंज.

हे काम अर्धवट लक्ष ठेवून होत नाही. एक उदाहरण देतो. धडाधड बार होत असताना मध्येच एक पुसट ‘फट्’ ऐकू येते. कॅप उडाली, दारू नीट पेटली नाही आणि गोळी नळीतच अडकली. नवशिक्याला वाटते बार झाला, तो यंत्रवत पुन्हा चाप ओढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. इअरमफच्या आडून तो फरक कानांना कळायला प्रशिक्षकाचे लक्ष पूर्ण लेनवर हवे, हातात मोबाइल आणि समोर हजेरीपट असून चालत नाही. राउंड मुळीच उडाला नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबायचे, मग काढायचा. हे तीस सेकंद फार मोठे वाटतात. घाईची रांग मागे उभी असली की ते दहा होतात.

आणि एक. लाइनवर सगळे सावध असतात. धोका सराव संपल्यावर, शस्त्र साफ करायच्या टेबलाशी वाढतो, जिथे प्रत्येकाला आपले पिस्तूल रिकामे आहे असे ‘माहीत’ असते. त्या टेबलाशी दारूगोळा न्यायचाच नाही आणि प्रत्येक शस्त्र दुसऱ्याने तपासायचे, हे बघायला वेगळा माणूस लागतो. तो माणूस मंजूर पदांच्या यादीत मला कधी दिसला नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. उद्घाटनाला आपला वार्ताहर जाईलच. त्याने फीत कापण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. फायरिंग लाइनवर, प्रत्येक लेनमध्ये, हवेचा वेग मोजला का आणि तो अहवाल पाहायला मिळेल का? फिल्टर बदलण्याची तरतूद पहिल्या वर्षापुरती आहे की दरवर्षीची? प्रशिक्षक आणि सफाई कर्मचारी यांच्या रक्ताची तपासणी रेंज सुरू होण्याआधी झाली आहे का? आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. आणि रेंजप्रमुख हे स्वतंत्र पद आहे का, तो रजेवर गेला तर रेंज कोण चालवणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘बंद राहील’ असे आले तर ते जरूर छापा, मला समाधान वाटेल.

जमले तर वार्ताहराने धुराची एक छोटी नळकांडीही चालवायला सांगावी, नेमबाज उभा राहतो तिथे, त्याच्या छातीच्या उंचीला. धूर सरळ टार्गेटकडे गेला तर ठीक. मागे फिरला तर फीत त्या दिवशी कापू नये.

आपला,
एक निवृत्त रेंजप्रमुख