वीस युनिटांचे बिल आणि स्थिर आकार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीजदरवाढीची बातमी आली की आपल्याकडे चर्चा होते ती युनिटच्या दराची. बिलावर त्याच्या शेजारीच छापलेल्या, वापर कितीही असला तरी दरमहा लागणाऱ्या ‘स्थिर आकार’ या रकमेकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण दीड-दोन हजारांच्या बिलात ती सहज मुरून जाते. ज्या घरांच्या बिलात ती मुरत नाही, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात तळमजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत एक काकू एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. खोलीत दोन एलईडी दिवे, एक पंखा आणि देव्हाऱ्याजवळचा इवलासा लाल बल्ब, एवढाच विजेचा संसार. फ्रीज नाही, उन्हाळ्यात दूध दोनदा तापवून आणि ताटलीत पाणी घालून त्यात पातेले ठेवून त्या भागवतात. त्यांचा महिन्याचा वापर वीस युनिटांच्या आसपास असतो. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे वाड्यातल्या तिघा-चौघांची बिले मोबाइलवरून भरण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. भरलेले बिल काकू दारामागच्या तारेला टोचून ठेवतात. परवा त्यांनी ती अख्खी तार काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, “नाना, मी हल्ली दिवेलागण टळून गेल्यावरच दिवा लावते, तरी हे बिल खाली कसं येत नाही?”

त्यांना जो हिशेब मांडून दाखवला तोच येथे देतो. सोयीसाठी आकडे ढोबळ घेतले आहेत. पहिल्या शंभर युनिटांच्या टप्प्यात वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) मिळून युनिटला सहा रुपये धरू आणि स्थिर आकार १३० रुपये धरू. वीस युनिटांची वीज झाली १२० रुपयांची. म्हणजे वापरलेल्या विजेपेक्षा जोडणी असल्याचेच पैसे जास्त. दोन्ही मिळून २५० रुपये आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क (ते स्थिर आकारावरही लागते), म्हणजे बिल २९० रुपये. काकूंना एक युनिट साडेचौदा रुपयांना पडले. याच दराने शंभर युनिटे वापरणाऱ्या शेजाऱ्याचे बिल ८४७ रुपये होते आणि त्याला युनिट साडेआठ रुपयांच्या आत पडते. कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त मिळावी म्हणून टप्पे पाडायचे आणि टप्प्याने दिलेले स्थिर आकाराने काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबात आहे. त्यांनी वापर आणखी निम्म्यावर, म्हणजे दहा युनिटांवर आणला, तरी बिल २९० वरून २२० वर येईल. निम्मी वीज वाचवल्यावर पैसे वाचणार जेमतेम एक चतुर्थांश. (ऑनलाइन भरण्याबद्दल चौथाई टक्का सूट मिळते; काकूंच्या वाट्याला त्यातले साठ-बासष्ट पैसे येतात.) तारेच्या तळाशी असलेल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या बिलांवर हाच स्थिर आकार तीस-चाळीस रुपये आहे. वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात सिंगल फेज घरगुती ग्राहकासाठी एप्रिल २०२० मध्ये तो १०० रुपये झाला, २०२३ मध्ये ११६, आणि त्यानंतरही तो वर गेला आहे.

वीज वितरण कंपनीची बाजू मला कळत नाही असे नाही. खांब, तारा, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), लाइनमन, मीटर आणि बिलवाटप यांचा खर्च काकूंनी पंखा लावला तरी होतो आणि नाही लावला तरी होतो. शिवाय वीजनिर्मिती केंद्रांशी केलेल्या करारांनुसार प्रत्यक्ष विजेच्या किमतीखेरीज क्षमतेचे पैसे कंपनीला वेगळे मोजावे लागतात, वीज उचलली काय आणि न उचलली काय. वीज कायदा, २००३ च्या कलम ४५ ने प्रत्यक्ष विजेच्या किमतीशिवाय स्थिर आकार घेण्यास परवानगी दिलेली आहे, तेव्हा तो बेकायदा आहे असेही माझे म्हणणे नाही. खर्च स्थिर आहे, मान्य. पण तो सगळ्यांच्या माथी सारखाच का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्याकडे घरगुती ग्राहकांत मुख्य भेद आहे तो सिंगल फेज आणि थ्री फेज एवढाच. त्यामुळे दोन दिवे आणि एक पंखा असलेली काकूंची खोली आणि त्याच गल्लीतल्या नव्या इमारतीतला सिंगल फेजवर दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन चालणारा फ्लॅट हे दोघेही दरमहा तेवढाच स्थिर आकार भरतात. रोहित्राची क्षमता वाढवावी लागते, केबल जाड टाकावी लागते, ती काकूंच्या बल्बसाठी नव्हे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता सगळे एसी एकदम सुरू होतात आणि पेठेतला फ्यूज उडतो, तेव्हा अंधारात मात्र दोघेही बसतात. ज्याचा भार, म्हणजे एका वेळी ओढली जाणारी वीज, जास्त त्याच्यामुळे स्थिर खर्च जास्त, हे साधे सूत्र धरले तरी सरसकट एकच रक्कम लावणे योग्य ठरत नाही.

आणि वेगवेगळा स्थिर आकार लावणे अशक्य आहे म्हणावे, तर इतर राज्यांनी ते कधीच केले आहे. गुजरातेत सरकारी वितरण कंपन्यांच्या घरगुती दरपत्रकात दोन किलोवॉटपर्यंतच्या भाराला महिन्याला १५ रुपये, दोन ते चार किलोवॉटला २५, चार ते सहाला ४५ आणि त्यापुढे ७० रुपये अशी चढती रचना आहे. दिल्लीत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला २० रुपये आणि त्यापुढे पाच किलोवॉटपर्यंत ५० रुपये घेतात. केरळात स्थिर आकार वापराच्या टप्प्याप्रमाणे वाढत जातो. तिथल्या दरांची इतर कलमे आपल्याहून वेगळी आहेत, त्यामुळे रकमांची थेट तुलना मी करत नाही. रचनेची मात्र करायलाच हवी.

यावर कोणी म्हणेल, गरिबांसाठी आपल्याकडे वेगळा वर्ग आहेच. आहे, दारिद्र्यरेषेखालील वर्गाचा स्थिर आकार बराच कमी आहे. पण त्यासाठी वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा आणि शिवाय मंजूर भारही (जोडणीला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल याची नोंद) अगदी थोडका हवा. काकूंचा वापर वर्षाला अडीचशेच्या घरात, म्हणजे पहिली अट त्या आरामात पाळतात. मंजूर भार मात्र त्यांच्या बिलावर अर्धा किलोवॉट आहे. तो कोणी, कधी आणि कशावरून लिहिला हे आता कोणालाच सांगता येत नाही. काकूंचे यजमान असताना घेतलेली ती जोडणी. भार कमी करून घ्यावा म्हणून मी त्यांच्या वतीने कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी मला भार वाढवण्याचा अर्ज दिला. चूक लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, “कमी करायला कोणी येतच नाही हो.” ते खरेच असावे, कारण एरवीच्या ग्राहकाला भार कमी करून स्थिर आकारात एक पैसाही वाचत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कमी वापर म्हणजे गरिबी, असे समीकरण नाही. वाकड-बाणेरला गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट आहेत. त्यांचाही वापर शून्याच्या जवळ असतो. छतावर सौरऊर्जा बसवणाऱ्यांचे निव्वळ युनिटही कमी भरतात. उलट एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर गरीब घरातही शंभरावर युनिटे जातात. म्हणून स्थिर आकार सरसकट रद्द करून ती सगळी रक्कम युनिटच्या दरावर टाका, अशी मागणी मी करणार नाही. ब्रिटनमध्ये यालाच ‘स्टँडिंग चार्ज’ म्हणतात आणि तो दिवसाप्रमाणे लागतो. तिथे बऱ्याच वीज-गॅस पुरवठादार कंपन्या बुडाल्यावर त्यांच्या ग्राहकांना सामावून घेण्याचा खर्च २०२२ पासून याच आकारात चढवला गेला आणि लोक संतापले. ऑफजेम या तिथल्या नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जनतेची मते मागवली, त्या चर्चेतही हीच अडचण पुढे आली: आकार पूर्ण काढला, तर आजारपणामुळे किंवा विजेवर घर गरम करावे लागत असल्यामुळे ज्यांना वीज जास्त लागतेच, त्या गरीब घरांवर बोजा जातो.

सरसकट एकच रक्कम आणि आकार पूर्ण रद्द, या दोन्हींतला मार्ग आहे भाराप्रमाणे चढत्या स्थिर आकाराचा. बंद फ्लॅटचा मंजूर भार चार-पाच किलोवॉट असेल, तर त्याने तेवढा भरावा. सहा जणांच्या खोलीचा भार एक किलोवॉट असेल, तर तिला वापर जास्त असूनही स्थिर आकार कमी लागेल. मंजूर भाराच्या जुन्या नोंदी भरवशाच्या नाहीत, ही सबब आता पुरणार नाही, कारण नवे मीटर प्रत्यक्षातला कमाल भारही नोंदवतात. आणि वर्षाला ३६० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला, त्याच्या बिलावर भाराचा कोणताही जुना आकडा पडलेला असला तरी, प्रत्यक्ष भार तपासून कंपनीनेच आपणहून खालच्या वर्गात घ्यावे. पंचाहत्तरीच्या बाईला अर्ज घेऊन खिडक्या हिंडायला लावू नये.

दरनिश्चितीपूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात, तशी तरतूद कायद्याच्या कलम ६४ मध्येच आहे. आपल्या पुण्यातल्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटासारखे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षे नेटाने बाजू मांडतात, पण सामान्य ग्राहकाला कंपनीच्या दरवाढीच्या जाडजूड याचिकेत आपल्या बिलाचे काय होणार हे शोधणे जमत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती ‘सरासरी इतके टक्के वाढ’ एवढी बातमी. सरासरीत काकू कुठेच नसतात. युनिटचा दर स्थिर ठेवून नुसता स्थिर आकार वाढवला, तर टक्केवारीत सर्वांत मोठी वाढ त्यांच्याच बिलात होते आणि मथळ्यात मात्र दरवाढ किरकोळ दिसते. म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी दरवाढीची बातमी छापताना सरासरीच्या आकड्याशेजारी वीस, शंभर आणि तीनशे युनिटांच्या घराचे जुने आणि नवे पूर्ण बिल, स्थिर आकार व शुल्कासह, एका लहान चौकटीत द्यावे, आणि हरकती पाठवण्याची शेवटची तारीखही त्याच चौकटीत छापावी.

आपला,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे