पाठ टाचणातला शैलीचा रकाना

महोदय,

आमच्या बी.एड.च्या पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) अजूनही शिकण्याच्या शैलीनुसार मुलांची ‘दृश्य’, ‘श्राव्य’, ‘कृतिशील’ अशी विभागणी करावी लागते. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचे संशोधन तपासले; शैलीनुसार शिकवल्याने जास्त समजते, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मलाही ऐकण्यापेक्षा लिहून काढणे आवडते, पण आवड वेगळी, आकलन वेगळे. पंचवटीतल्या सरावपाठात सहावीची एक मुलगी अपूर्णांकांच्या बेरजेत अडली होती. शेजारणीने कागदाची पट्टी दुमडून अर्ध्यात दोन पाव दाखवले. पुढचे गणित तिने एकटीने सोडवले. मूल एकटे जिथे अडते तिथे जाणत्याने केलेली जी मदत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीने महत्त्वाची मानली, ती हीच! टाचणातला शैलीचा रकाना काढून तिथे ‘मूल नेमके कुठे अडते’ हे लिहायला लावावे, ही कळकळीची विनंती.

— एक बी.एड. प्रशिक्षणार्थी, नाशिक