खिडकी उघडते किती?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘फेनेस्ट्रेशन’चा अर्थ ‘खिडक्यांची सजावट’ असा दिला आहे. मी ३४ वर्षे वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढले, म्हणून राहवत नाही. ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे लॅटिनमध्ये खिडकी. भिंतीत खिडक्या कुठे, किती, केवढ्या, कशासमोर आणि त्यातला किती भाग उघडणार, ही सारी मांडणी म्हणजे फेनेस्ट्रेशन. (आतल्या कानाच्या हाडाला खिडकी पाडायच्या शस्त्रक्रियेलाही हेच नाव आहे, तिथे कसली सजावट?) आपला ‘वातायन’ शब्द किती नेमका आहे पाहा : वाऱ्याची वाट.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. रस्त्याकडच्या खिडकीला चार झडपा होत्या, खाली दोन, वर दोन. दुपारी आई खालच्या लावून घ्यायची. आडोसा व्हायचा आणि वरून वारा यायचा. बरोबर समोर गॅलरीचे दार. मध्ये सतरंजी टाकली की मे महिन्यातही डोळा लागायचा.

आता ठाण्यात पुनर्विकासानंतर मिळालेल्या घरात झोपायची खोली १२ बाय १० फूट, खिडकी ५ बाय ४. म्हणजे १२० चौरस फुटांना २०. राष्ट्रीय इमारत संहितेतला उष्ण-दमट हवेसाठीचा एक-षष्ठांश कागदावर भरला. पण खिडकी दोन तावदानांची, सरकती. एक तावदान दुसऱ्यामागे जाते आणि मोकळे राहतात १० चौरस फूट. संहिता तर उघडणारा भागच मोजायला सांगते. तो झाला एक-द्वादशांश, जे प्रमाण तिच्यात थंड प्रदेशासाठी आहे! त्यात समोरच्या भिंतीला झरोकासुद्धा नाही. वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसली की तो आतही येत नाही. बिल्डरच्या माणसाला विचारले, तर म्हणाला, “काका, एलिव्हेशन बघा ना!”

एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचे बाहेरून दिसणारे रूप, मलाही कळते. मुंबईतल्या ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या खिडक्यांवरचे भुवयांसारखे छज्जे पाहत मी कितीदा उभा राहिलो आहे. पण ते छज्जे ऊन आणि पाऊसही अडवतात.

लेखातला अर्थ कृपया दुरुस्त करावा. आणि पुरवणीत नव्या घरांची माहिती देताना कार्पेट क्षेत्रफळाच्या शेजारी खिडक्यांचा उघडणारा भागही छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त ड्राफ्ट्समन, ठाणे