‘हॅक’ की फसवणूक?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर गुन्ह्यांच्या बातम्या आपण ठळकपणे छापता हे योग्यच आहे, मात्र त्यांतल्या बहुतेकींच्या मथळ्यात ‘खाते हॅक’, ‘मोबाइल हॅक’ असेच असते. आमच्या प्रतापनगरातील एका निवृत्त गृहस्थांना ‘बिल थकल्याने आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल’ असा संदेश आला. त्यातील क्रमांकावर त्यांनीच फोन लावला, पलीकडच्याने सांगितलेले अ‍ॅप उतरवून घेतले आणि आलेला ओटीपीही वाचून दाखवला. यात कुठलीही यंत्रणा कोणी भेदली नाही. ही निव्वळ थापेबाजी होती.

‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या बोलीत आला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमधून. छोट्या रेल्वेचे रूळ आणि सिग्नल टेलिफोनच्या जुन्या रिलेंवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांवर, चालवणारे तिथले विद्यार्थी एखाद्या करामतीच्या जोडणीला कौतुकाने ‘हॅक’ म्हणत. पीटर सॅमसन या सदस्याने १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा छोटेखानी कोशही केला होता. घुसखोरांसाठी ‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द १९८५ च्या सुमारास हॅकरांनीच पुढे केला, पण तिकडच्या वृत्तपत्रांनीही तो फारसा उचलला नाही, तेव्हा ही खोड केवळ आपली नव्हे.

वर सांगितलेल्या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणतात, म्हणजे गळ टाकून सावज पकडणे. स्पेलिंगमधले ‘पीएच’ हे टेलिफोन यंत्रणेला चकवून फुकट बोलणाऱ्या जुन्या ‘फ्रीक’ मंडळींकडून आल्याचे मानले जाते. आपल्या कायद्यानेही ‘हॅकिंग’ केव्हाच सोडले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ च्या शीर्षकात तो शब्द होता. दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि तिथे ‘संगणकाशी संबंधित गुन्हे’ असे शीर्षक आले.

‘हॅक’ वाचले की वाचकाला वाटते, कुणी तंत्रज्ञ दुरून आत शिरला, त्यापुढे आपण काय करणार. फार तर बर्डीच्या बाजारात जाऊन फोनमध्ये अँटिव्हायरस टाकून आणावा. ओटीपी कोणी आणि का सांगितला हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असते, आणि तिथवर फारसे कोणी पोहोचत नाही. म्हणून विनंती अशी, की थाप कोणती मारली हे मथळ्यातच द्यावे आणि अशा प्रत्येक बातमीखाली १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक छापावा.

आपला,
एक निवृत्त संगणक शिक्षक,
प्रतापनगर, नागपूर