तांब्याची गोळी: नुसता डबा बदलून भागत नाही

महोदय,

कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे आणि शिशाच्या गोळ्या यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. आपल्याकडची गिधाडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने मेली; तिकडची, शिकाऱ्याने रानात टाकलेल्या हरणाच्या कोथळ्यातले शिशाचे कण पोटात जाऊन मरतात, हे लेखात नीट आले आहे. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोर पकडला तेव्हा जगात हे पक्षी अवघे २७ होते. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कोणत्याही वन्यप्राण्यावर शिशाची गोळी झाडता येत नाही. खटकले ते एकच वाक्य: ‘शिकाऱ्याने शिशाऐवजी तांबे घ्यावे, फरक फक्त किमतीचा.’ तिकडे घरी काडतुसे भरण्याची मोकळीक आहे (भारतात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे). तसे भरणाऱ्या मराठी वाचकाने हे वाक्य खरे मानू नये.

शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या खाचांचा पीळ घट्ट लागतो. .३०८ रायफलीचा (गोळीचा व्यास ०.३०८ इंच) पीळ १२ इंचांत एक फेरा असेल, तर १६८ ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) तांब्याची गोळी डळमळू शकते. १३० ग्रेनची नीट जाते. म्हणून वजन एक-दोन पायऱ्या खाली आणावे. १६५ ग्रेन शिशाची वापरणाऱ्याने १५० किंवा १३० घ्यावी. हलकी गोळी कमी पडेल ही भीती नको. शिशाची साधी गोळी शरीरात फुटून बरेचसे वजन गमावते, आणि तेच तुकडे पुढे गिधाडाच्या पोटात जातात. तांब्याची गोळी पाकळ्या उघडते, पण वजन जवळजवळ सगळे राखते. मात्र पाकळ्या उघडायला वेग हवा. लागताना तो सेकंदाला २,००० फुटांच्या बराच खाली असेल, तर ती सुईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर मैलभर पळते. लांबचा बार टाळावा.

आता भरण्याचे. शिशाच्या गोळीचे दारूचे माप तांब्याला लावायचे नाही, वजन तेच असले तरीही. लांब गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीतली जागा खाते आणि कठीण धातू नळीच्या खाचांत शिरताना जास्त अडतो. दोन्हींमुळे दाब चढतो. गोळी बनवणाऱ्याने त्याच गोळीसाठी छापलेल्या किमान मापापासून सुरुवात करावी, अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जावे, प्रत्येक मापाची तीन काडतुसे झाडून पाहावीत. प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) चपटा झाला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ओरखडा आला किंवा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उचलायला जड लागला, तर तिथेच थांबून एक पायरी खाली यावे. छापलेले कमाल माप अजून दूर असले तरी.

गोळी किती खोल बसवायची, यात सगळ्यात जास्त चुका होतात. शिशाची गोळी नळीच्या खाचांना जवळजवळ टेकवून भरायची सवय अनेकांना असते. तांब्याची टेकवली तर दाब एकदम उसळतो. सुमारे ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर, मागे ठेवून सुरुवात करावी. नेमकेपणाही बहुधा तिथेच सापडतो. .३०८ च्या काडतुसाची एकूण लांबी २.८१० इंचांपुढे गेली की काही मॅगझिनमध्ये ते बसत नाही, तेही मोजावे.

पहिल्या बाराआधी शिशाच्या गोळ्यांवरच्या तांब्याच्या आवरणाचा नळीतला जुना थर अमोनियायुक्त द्रावकाने काढावा, चिंधीवर निळा डाग येईनासा होईपर्यंत. हे न करता ‘तांबे नेम धरत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

लेखात लहान शिकारीच्या .२२ रायफलीचा उल्लेखच नाही. तिथे शिशाला पर्याय मोजकेच आहेत आणि नेमही शिशाइतका क्वचितच लागतो. कायदा मात्र खारीच्या शिकारीलाही लागू आहे. आणि ज्या राज्यांत शिसे अजून चालते, तिथे निदान कोथळा उघड्यावर टाकू नये. खोल पुरावा किंवा पिशवीत भरून सोबत न्यावा.

– एक वाचक, सॅक्रॅमेंटो