ढाब्यावर बार्बेक्यू सुरू करण्याआधी

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

प्रिय संभा,

स. न. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. शनिवारची गर्दी, एका कानाला तू आणि दुसऱ्या कानाशी ऑर्डरी ओरडणारा पोरगा, त्यामुळे धड बोलता आलं नाही. तू विचारलंस की ढाब्यावर बार्बेक्यू सुरू करू का आणि अमेरिकेतला कुठला सॉस मागवू. सॉसचं उत्तर एका शब्दात देतो: मागवू नकोस. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण इथलं बार्बेक्यू म्हणजे मांसाचा मोठा तुकडा निखाऱ्यांच्या मंद आचेवर तासन्‌तास भाजणं, आणि इथे आल्यापासून सुट्टी मिळेल तसा मी बार्बेक्यूची नावाजलेली ठिकाणं पालथी घालतोय. गिऱ्हाईक म्हणून नाही, आचारी म्हणून. त्यामुळे ताटाआधी माझी नजर मागच्या दाराकडे जाते. लाकूड कसलं आहे, किती वाळलंय, राख कुठे टाकतात, रात्री कोण जागतं.

आमच्या रॅलेहून पूर्वेला दीडेक तासावर एडन नावाचं गाव आहे. तिथलं स्कायलाइट इन 1947 साली पीट जोन्स यांनी सुरू केलं. छपरावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा, म्हणजे त्यांच्या संसदेसारखा घुमट बसवलाय, का तर आम्हीच बार्बेक्यूची राजधानी! आत मात्र सगळा साधा कारभार. कागदाच्या ट्रेमध्ये बारीक चिरलेलं डुकराचं मटण, त्यावर मक्याच्या भाकरीचा चपटा, घट्ट तुकडा आणि कोबीची कोशिंबीर. मोठा मेनू नाही, सजावट नाही. तरी 2003 साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला, आणि तो इथल्या आचाऱ्यांच्या लेखी लहान नाही.

खरी गंमत मागे. डुक्कर अख्खंच लावतात, पोटातून उघडून सपाट केलेलं. पण त्याच्याखाली लाकूड जळत नाही, हे नीट लक्षात घे. ओक आणि हिकरीचे ओंडके वेगळ्या धुराड्यात जाळतात, आणि खाली पडलेला आर, म्हणजे निखारे, लांब दांड्याच्या फावड्याने उचलून भट्टीत पसरतात. पसरतात म्हणजे सारखा नव्हे. फऱ्याखाली आणि मागच्या मांड्यांखाली जास्त, बरगड्यांखाली अगदी नावाला. ज्वाळा मांसाला दिसतसुद्धा नाही. रात्रभर हेच, फावडं आणि आर. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिची वाफ होऊन वर येते आणि मांसात मुरते. खरी चव ती. गॅसवर ही वाफ कुठून आणणार?

मी आचारी आहे म्हटल्यावर तिथल्या माणसाने आधी माझे हात पाहिले. मनगटावरचे तेलाचे जुने डाग दिसले, मग म्हणाला, ये. काउंटरच्या मागे लाकडाचा जाड ठोकळा, वापरून वापरून मध्ये खोलगट झालेला. दोन्ही हातांत एकेक सत्तूर, आणि ठकठक, ठकठक. आपल्याकडे खिमा मारताना जसा ठेका धरतात तसाच, पण कान देऊन ऐकलं की मधूनच आवाज बदलतो. तिथे कुरकुरीत भाजलेलं कातडं सत्तूराखाली आलेलं असतं. कातडं टाकत नाहीत, मांसातच चिरून मिसळतात. मग मीठ, मिरपूड, व्हिनेगर आणि बाटलीतला तिखट सॉस, तेही तिथेच ठोकळ्यावर. संपला मसाला. पहिला घास घेतला आणि मी जरा खजील झालो बघ. आपण वाटणात काय काय घालतो!

म्हणजे आपला मसाला वाईट असं नाही. तांबड्या रश्श्यावर मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पण मसाल्याला बऱ्याच गोष्टी झाकता येतात, हे आपल्या धंद्यातलं गुपित तुलाही माहीत आहे आणि मलाही. इथे झाकायला काहीच नाही.

याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे अख्खं डुक्कर नाही, फक्त खांद्याचा भाग, आणि व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो. पूर्वेकडचे लोक त्या टोमॅटोवरून अजून भांडतात. मला दोन्ही आवडलं, पण रॅलेत हे उघड बोलत नाही. लेक्सिंग्टनला गेलास तर बाहेरचा तपकिरी भाग मुद्दाम मागून घ्यायचा. धूर सगळा तिथे असतो.

आता टेक्सास. टेक्सास म्हटलं की ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस. मी खात नाही हे तुला माहीत आहे, तिथेही खाल्लं नाही. पण बघायला कुणाची बंदी? लॉकहार्ट गावात स्मिटीज मार्केट आहे. रांगेत उभं राहिलं की भट्टीच्या तोंडाशी, फरशीवरच ओक लाकडाची आग जळताना दिसते. पायाला धग लागते इतक्या जवळ. ही मूळची खाटकाची दुकानं. जर्मन आणि चेक लोक इथे येऊन वसले, तेव्हा न खपलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरी देऊन ठेवायचे, आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते कागदावर घेऊन तिथेच उभ्याने खायचे. अजूनही कागदावरच देतात, वजनावर. त्या इमारतीत आधी क्रॉइझ मार्केट होतं. बहीण-भावात वाटण्या झाल्या, तेव्हा 1999 साली भावाने दुकान नव्या जागी हलवलं आणि जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नेले. जागा बहिणीला, विस्तव भावाला! आपल्याकडे वाटण्यांत कोर्टकचेऱ्या होतात, पण विस्तवाचा वाटा मागितलेला मी ऐकला नाही. मी तिथे पोर्क चॉप खाल्ला. मीठ-मिरपुडीशिवाय काही नसावं असं वाटत होतं.

तिथे एक गोष्ट शिकलो, ती तुला उपयोगी पडेल. मोठा तुकडा मंद आचेवर, म्हणजे 110 ते 120 अंश सेल्सिअसवर लावला की आतलं तापमान चढत जातं आणि 65-70 च्या आसपास अडकून बसतं. तासन्‌तास हलत नाही. नवा माणूस घाबरून आच वाढवतो आणि मांस वाळवून टाकतो. कारण सोपं आहे. मांसाला घाम सुटतो आणि तो उडताना मांस गार राहतं, माठातलं पाणी राहतं तसं. तिथे थांबायचं, किंवा कागदात गुंडाळायचं. 90 च्या पुढे गेलं की चिवट भाग विरघळून लोण्यासारखा होतो. पुढच्या पायाचं, मानेचं मटण आपण शिजवून शिजवून जे साधतो तेच हे, फक्त पाण्याशिवाय.

आणि आता ज्याच्यासाठी तुला हे पत्र जपून ठेवावं लागेल ते. टेक्सासमध्येच लानो गावात कूपर्स आहे. तिथे भट्टीपाशी बाहेरच उभं राहून बोट दाखवायचं, माणूस सुरीने कापून देतो. तिथे मी बोकडाचं पिल्लू खाल्लं, कब्रीतो म्हणतात. आणि लाकूड कुठलं? मेस्कीट. बघितलं तर काटे, शेंगा, पानं सगळं ओळखीचं. अरे, ती आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण! माळावर, ओढ्याकाठी फुकट वाढते, शेतकरी शिव्या घालतात, तीच. तिथले लोकही हिचा धूर थेट मांसाला देत नाहीत, कारण तो उग्र आणि कडवट असतो. आधी जाळून आर करतात आणि मग फावड्याने मांसाखाली घालतात. एडनचीच रीत, फक्त लाकूड आपल्या गावचं.

शेवटचं केंटकीतलं ओवेन्सबरो. दिवसभर गाडी चालवून गेलो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण गेलो. कारण सगळ्या अमेरिकेत मेंढीच्या मटणाचं बार्बेक्यू म्हटलं की हेच गाव. 1816 साली बाहेरच्या लोकरीवर कर बसला आणि या भागात मेंढ्या पाळणं परवडायला लागलं, असं सांगतात. लोकर देऊन म्हाताऱ्या झालेल्या मेंढ्यांचं मांस चिवट, वासही उग्र, म्हणून रात्रभर हिकरीच्या आरावर. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांचं काय झालं ते आठवून मला चुटपुट लागली. घोंगड्यांची लोकर कुणी विचारत नाही. पण इथे त्या लोकरीच्या जनावरावर अख्ख्या गावाची ओळख उभी आहे. मूनलाइट नावाचं मोठं हॉटेल आहे, तिथे मटण, आणि बर्गू नावाचा दाट रस्सा: मटण, कोंबडी, मका, बटाटा, सगळं एकत्र रटरटलेलं. मटणाबरोबर काळसर, पाण्यासारखं पातळ आंबट पाणी देतात, ते चरबी कापतं. लिंबू पिळून खाणाऱ्या आपल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. उन्हाळ्यात तिथल्या चर्चच्या जत्रांत गावातले बाप्ये रात्र रात्र जागून मेंढ्या भाजतात. नुसतं तेवढं बघायला मी परत जाणार आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. या कामाची बरीचशी पाळंमुळं गुलामगिरीतल्या काळ्या आचाऱ्यांच्या हातात आहेत, रात्र रात्र आर ओढणारे तेच. पाट्यांवर नावं बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांची. हल्ली कुठे रॉडनी स्कॉटसारख्या काळ्या भट्टीवाल्याला 2018 साली जेम्स बिअर्डचा पुरस्कार मिळाला.

आणि फसवाफसवी इथेही आहे. कितीतरी जुन्या ठिकाणांनी लाकूड सोडून गॅस घेतला आणि पाटी तीच ठेवली. त्यावर काही लोकांनी मोहीम काढली: जो खरोखर लाकडावर भाजेल त्यालाच दाखला. आपल्याकडे हायवेला ‘चुलीवरचं मटण’ लिहून आत गॅस पेटवणारे आणि दाखवायला बाहेर एक चूल मांडणारे काय कमी आहेत? असा दाखला कोल्हापुरात सुरू झाला तर किती पाट्या उतरतील, मोज.

तर तुझ्या ढाब्यासाठी. जुना लोखंडी पिंप घे, मधोमध आडव्या सळ्या टाक, वरून वेड्या बाभळीची वाळलेली लाकडं. ओलं लाकूड नको, धूर कडू होतो. खालून आर पडेल तो फावड्याने ओढायचा. भट्टी विटांची, कमरेएवढी, वर जाळी आणि पत्र्याचं झाकण. आधी बोकडाची मागची तंगडी लाव, मीठ-मिरपूड आणि थोडं लसूण, बास. तुझा मसाला बाजूला वाटीत दे, वर ओतू नकोस. पांढरा रस्सा सोबत ठेव, तो आपला आहे, लाजायचं कशाला.

आणि रोज करू नकोस. टेक्सासमध्ये स्नोज म्हणून एक ठिकाण आहे, आठवड्यात फक्त शनिवारी सकाळी उघडतं. तिथल्या भट्टीवर टूट्सी टोमानेट्झ या आजी, जन्म 1935 चा. संपलं की संपलं. तू रविवार धर. रविवारी मटण न खाणारा माणूस आपल्याकडे शोधावाच लागतो. रात्री जागायला पोरगा कोण ठेवणार ते आधी ठरव, आणि त्याला पगार जास्त दे, कारण सगळा खेळ त्याच्या हातात आहे. फावडं धरता येणारा पोरगा मिळत नसेल तर हा नाद सोड, तंदूर बरा.

भट्टीची मापं मी कागदावर काढलीत, वेगळी पाठवतो. सध्या बोकडाचा दर काय चाललाय आणि तुझ्या मागच्या पडीक रानातली बाभळ अजून आहे की जेसीबीने काढलीस, हे आधी कळव. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं कसं काय ते लिही.

तुझा,
बाळू