आधी विचारा, मग कॅप्सूल द्या

महोदय,
दाढेसाठी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं. दाढ शांत झाली, पोट बिघडलं. दिवसातून चार-चार वेळा पळापळ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असून हात जाईना. सोलापूरकराला याहून मोठी शिक्षा नाही! औषध दुकानदाराने काही न विचारता प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या कॅप्सूलची, महागडी पट्टी हातात ठेवली. अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतं, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. प्रोबायोटिकही सगळी सारखी नसतात; पाकिटावर जिवाणूचं नाव आणि संख्या पाहावी, असंही ते म्हणाले.

मी घरच्या विरजणाच्या ताज्या ताकावर आले. (कढी उकळली की जिवाणू मरतात, तेव्हा कढी फक्त चवीला.) आठवड्यात पोट ताळ्यावर आलं.

पण शेजारच्या काकांनी शौचात रक्त दिसूनही ‘मूळव्याध असेल’ म्हणत चार महिने ताकावर काढले. विजार ढिली झाली तरी गप्प. रक्त, घटतं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर ताक नव्हे, तपासणी हवी. दुकानदारांनी पट्टी देण्याआधी एवढं तरी विचारावं.

– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर